राखून ठेवलेलं नाव

सेंगा शनिवारी येणार होती आणि किसाक्येला घेऊन जाणार होती. हे आधीच्या शनिवारी ठरलं होतं, आणि ठरलं ते एका टाचेवरून.

सेंगा नाकिगोझी म्हणजे किसाक्येची आत्या, तिच्या बापाची थोरली बहीण. मित्यानाहून एन्टेबेला आली की ती लगेच खुर्चीत बसत नाही. आधी पोरीला समोर उभी करते आणि वरपासून खालपर्यंत नीट बघून घेते. त्या दिवशीही बघितलं. किसाक्ये गुडघे टेकून तिच्या पुढ्यात बसली, तशी सेंगाची नजर तिच्या टाचेवर गेली. टाच सोलून निघाली होती. जुना फोड, त्यावर नवा फोड. शाळेचे बूट केव्हाच लहान झाले होते आणि पोर तेच पायात कोंबून रोज शाळेचा चढ चढत होती.

"तुला सांगितलं नाही हिने?" सेंगाने नानझिरीला, किसाक्येच्या मावशीला, विचारलं.

"नाही."

"का गं, सांगितलं का नाहीस?"

पोर जमिनीकडे बघत राहिली. तेव्हा कुठे सेंगा खुर्चीत बसली आणि आपला गोमेसी, तो पायघोळ झगा, सावरत म्हणाली, "नानझिरी, मी तुझ्यावर रागावत नाही. तू पोटभर जेवायला घालतेस, फी भरतेस, सगळं दिसतंय मला. पण पाय सोलून निघेपर्यंत पोर तोंड उघडत नाही, म्हणजे या घरात तिला हाक मारायला माणूस नाही. जिथे मागता येत नाही तिथे मूल ठेवू नये. पुढच्या शनिवारी येते मी. मुसोकेशी मी बोलते."

मुसोके, किसाक्येचा बाप, जुबाच्या रस्त्यावर ट्रक चालवायचा. महिन्यातून कधीतरी घरी उगवायचा आणि बहिणीच्या शब्दाबाहेर जायचा नाही. त्यामुळे ठरलं म्हणजे ठरलंच.

नानझिरीने वाद घातला नाही, कारण सेंगा खरं बोलली होती. त्याच दुपारी ती किटोरोच्या बाजारात गेली आणि अंदाजाने नवे बूट घेऊन आली. किसाक्येने ते घातले, "थँक्यू" म्हटलं आणि ती अंगणात निघून गेली. थँक्यूच्या पुढे काही नाही. कोणाला थँक्यू, तेही नाही.

खरं तर हीच गोष्ट नानझिरीला महिनोन् महिने दिसत होती आणि उमगत नव्हती. पोरगी तिला कशानेच हाक मारत नव्हती. काही हवं असलं तर येऊन शेजारी उभी राहायची आणि नानझिरीचं लक्ष जाईपर्यंत तशीच उभी राहायची. लक्ष गेलं नाही तर निघून जायची. शेजारणी म्हणायच्या, किती गुणी पोर, कसला हट्ट नाही, कसली कटकट नाही. आणि नानझिरी, चांगली शिकलेली बाई, हे ऐकून मनातल्या मनात फुगायची.

नान्तुमे, तिची थोरली बहीण आणि किसाक्येची आई, गेली त्याला वर्ष होत आलं होतं. काही दिवस उलटल्यावर सगळं कुळ जमलं आणि ओलुम्बे फोडायचा विधी झाला. घरात शिरलेलं मरण त्या दिवशी वाजतगाजत बाहेर काढतात आणि गेलेल्याच्या जागी वारस बसवतात. नान्तुमेच्या जागी नानझिरीला बसवलं. तिच्या खांद्यावर झाडाच्या सालीचं वस्त्र बांधलं, हातात नान्तुमेची मातोके, म्हणजे हिरवी केळी, सोलायची सुरी दिली, आणि कुळातला म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "नान्तुमे गेली म्हणून कोण रडतंय? ही काय इथे बसली आहे." मग त्याने किसाक्येला पुढे बोलावलं. "ही तुझी आई. आजपासून धाकटी वगैरे काही नाही."

तोवर किसाक्ये तिला धाकटी आई म्हणत आली होती. आईच्या धाकट्या बहिणीला तिकडची सगळीच मुलं तसं म्हणतात. विधीच्या दुसऱ्या दिवशीही तिने न्हाणीघरातून सवयीने हाक मारली, "धाकटी आई, माझा टॉवेल." नानझिरीने टॉवेल दिला, तिचे ओले केस पुसले आणि अगदी मायेने म्हणाली, "आता नुसतं आई म्हणायचं, राणी. काल सांगितलं ना आजोबांनी?"

किसाक्येने मान हलवली. त्यानंतर तिने नानझिरीला ना आई म्हटलं, ना धाकटी आई.

नानझिरीला वाटलं, लहान आहे, दु:खात आहे, होईल सवय. तिचा स्वभावच असा, की एकदा कागदोपत्री नीट लागलं की गोष्ट आपोआप मार्गी लागेल असं तिला वाटायचं. तिच्या फडताळात कप एकाच बाजूला कान करून उभे असायचे. आणि ऑफिसातली तिची मशीनं तर बघायलाच नकोत.

ऑफिस समुद्रासारख्या मोठ्या तळ्याच्या काठाला होतं. छोटंसंच, पण त्याच्यावर पुष्कळांचा जीव. दिवसभरात वाऱ्यापावसाचा अंदाज आला की तो मासेमारांच्या फोनवर निरोप म्हणून धाडायचा, एवढंच काम. निरोप धाडणारी मशीनं म्हणजे एका खोलीतला एक मोठा सर्व्हर, आणि त्याच्या पोटात राहणारी बिनशरीराची बरीच मशीनं. एक नीट बसवलं की त्याची हुबेहूब नक्कल काढायची, नवं नाव द्यायचं आणि कामाला लावायचं. ते काम नानझिरीचं. तिच्याबरोबर ओपियो नावाचा गुलूकडचा माणूस होता. तो अंदाज बघायचा, निरोप लिहायचा आणि बाकीचा वेळ बडबड करायचा.

त्या आठवड्यात तळ्यातल्या बेटांसाठी वेगळं मशीन करायचं ठरलं होतं, कारण जुन्यावर भार फार झाला होता. नानझिरीने गुरुवारी नक्कल काढली, आणि शुक्रवारी सकाळपासून बेटांचे निरोप नव्या मशीनवर सोपवले.

शुक्रवारी दुपारी ओपियो अंड्याची चपाती खात तिच्या टेबलाशी आला. तिला तो न्याबो, म्हणजे बाईसाहेब, म्हणायचा.

"न्याबो, एक विचित्र गोष्ट सांगू? बेटांवरून आज एकही शिवी नाही."

"मग बरंच झालं."

"बरं कसलं? ओळखतो मी त्या लोकांना. वारा येणार म्हटलं आणि नाही आला, तर शिवी. आला, तर उशिरा सांगितलं म्हणून शिवी. ऊन पडेल म्हटलं तरी कोणीतरी विचारतो, त्याचं काय करू, भाकरी भाजू? आणि आज सगळेच्या सगळे साधू झाले?"

नानझिरीचं अर्धं लक्ष शनिवारात होतं. तरी तिने नव्या मशीनचा पडदा उघडला. वरवर सगळं ठीक होतं. प्रोग्राम चालू, निरोप तयार, एकामागे एक शिस्तीत रांगेत उभे. फक्त त्यातला एकही बाहेर पडलेला नव्हता. सकाळपासून बेटांना काही म्हणजे काही गेलं नव्हतं.

मग तिने मशीनला त्याची दारं, म्हणजे बाहेर जायच्या जोडण्या, दाखवायला सांगितलं आणि कपाळाला हात लावला.

चूक जुनीच होती, या धंद्यातल्या प्रत्येकाने एकदा तरी केलेली. प्रत्येक नेटवर्क कार्डाला त्याचा स्वतःचा एक नंबर असतो. मशीन तो नंबर पहिल्यांदा बघतं तेव्हा एका फाईलीत लिहून ठेवतं, की या नंबराचं कार्ड म्हणजे माझं पहिलं दार. पुढे त्याची नक्कल काढली की सगळं जसंच्या तसं उतरतं, ही आठवणसुद्धा उतरते. कार्ड तेवढं नवं मिळतं, कारण एका नंबराची दोन कार्डं एकत्र नांदत नाहीत. नक्कल जागी होते, नवं कार्ड बघते आणि म्हणते, हे ते नव्हे. पहिलं दार जुन्या कार्डाचं आहे, ते आज ना उद्या येईल, तू आपलं दुसरं दार हो. आणि बाहेर जायचा पत्ता, रस्ता, सगळं लिहिलेलं असतं पहिल्या दाराच्या नावाने. तिथे कोणीच नसतं. दुसऱ्या दारात कार्ड धडधाकट उभं असतं, पण त्याला कोणी काही सांगितलेलं नसतं.

यावर उपाय साधा. नक्कल काढायच्या आधी ती आठवणीची ओळ पुसून टाकायची, म्हणजे नव्याला पहिलं नाव मिळतं. नानझिरी हे कधी विसरत नसे. गुरुवारी विसरली होती, कारण गुरुवारी तिच्या डोळ्यांपुढे एक सोललेली टाच होती.

"कळलं," ती म्हणाली. "ओळ पुसते आणि रीस्टार्ट करते."

ओपियोने खिडकीबाहेर बघितलं, मग आपल्या पडद्याकडे. "किती वेळ लागेल? दक्षिणेकडून वारा उठतोय. मुकेने, ती बारीक मासळी, धरायला होड्या सूर्य कलायच्या आत निघतात. त्या मशीनला झोपून उठायला काय वेळ लागतो, ते मी पाहिलंय. माझा सासरासुद्धा लवकर उठतो."

"मग काय करू?"

"दुसऱ्या दाराला पत्ता दे. ते उभंच आहे ना तिथे?"

नानझिरी घुटमळली. "पण मग ते कायमचं दुसरंच राहील. माझ्या सगळ्या मशीनांचं पहिलं दार चालू असतं. हे एकटंच वेगळं दिसेल."

"दिसेना का. होडीतल्या माणसाला काय कळणार, निरोप कुठल्या दारातून आला?" ओपियोने बोटं पुसली. "हे बघ, मी ओपियो, म्हणजे जुळ्यातला पहिला. माझा भाऊ ओचेन, दुसरा. जन्मल्यापासून दुसराच. घर त्याने बांधलं, आईला तो सांभाळतो, गायी त्याच्या. मी इथे बसून वारा मोजतो. पण अजून कोणी त्याला म्हटलं नाही, की तू आता ओपियो हो. म्हटलं असतं तर त्याने ऐकलं नसतं, आणि मी तर डोकं फोडलं असतं. त्या मशीनने पहिलं नाव कोणासाठी राखलंय ना, राखू दे. तुझं काय खातंय ते? तू आपलं दुसऱ्याला कामाला लाव."

नानझिरीची बोटं कळफलकावरच थांबली. क्षणभर तिला मशीन दिसेना, न्हाणीघराचं दार दिसलं आणि त्यातून बाहेर आलेला एक ओला हात. मग ती भानावर आली, कारण वारा थांबणार नव्हता. तिने पहिल्या दाराच्या सूचना उचलल्या, दुसऱ्याच्या नावाने लिहिल्या आणि त्याला उठवलं.

मशीन उठलं. रांग हलली. निरोप भराभर सुटले, सकाळचे शिळेही आणि आत्ताचा वाऱ्याचाही. दोघं पडद्याकडे बघत बसले. थोड्या वेळाने एका बेटाच्या काठावरच्या मुखियाचं उत्तर आलं. ओपियोने ते उभं राहून, घसा साफ करून वाचलं.

"'सकाळपासून कुठे मेला होतात? आता एकदम ढीग पाठवता? आमच्या होड्या काठावरच आहेत, तुमच्या कृपेने नव्हे, आमच्या डोळ्यांनी.' अहाहा. सुटलो, न्याबो. शिवी आली म्हणजे रस्ता चालू झाला."

नानझिरी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. ओपियोला वाटलं, चूक झाली म्हणून रडते आहे. तो घाईने म्हणाला, "अगं, होड्या काठावरच आहेत म्हणतोय ना."

"त्यासाठी नाही," ती म्हणाली. तिला स्वतःची फार लाज वाटत होती. पोरीने पहिली जागा आईसाठी राखून ठेवली होती, आणि धाकट्या आईची जागा नानझिरीने स्वतःच्या हाताने, टॉवेल देता देता, बंद करून टाकली होती. मग पोरीने हाक मारायची तरी कोणाला?

संध्याकाळी तिने किसाक्येला समोर बसवून काही समजावलं नाही. समजावण्याचा तिला आता वीट आला होता. शेंगदाण्याचं कालवण ढवळत ती नुसतं म्हणाली, "धाकट्या आईला जरा मीठ दे गं."

किसाक्येने चटकन वर बघितलं. मग मिठाची बाटली आणून ठेवली आणि आपल्या पिशवीकडे वळली. पिशवी जवळजवळ भरून झाली होती. एकेक फ्रॉक नीट घडी करून, कडा जुळवून ठेवलेला. अशी घडी नानझिरीनेच तिला शिकवली होती, आणि आज तिला ती बघवेना.

शनिवारी सेंगा उन्हं चढायच्या आत आली. किसाक्येने गुडघे टेकले, सेंगाने टाच बघितली. खपली धरली होती. "बरी होतेय," सेंगा म्हणाली आणि पोरीला मागच्या अंगणात चुलीवरचं मातोके बघायला पाठवलं.

"पिशवी तयार दिसते."

"तिने स्वतःच भरली," नानझिरी म्हणाली. "सेंगा, न्यायच्या आधी माझं एक ऐका. मी चुकले. ती मला धाकटी आई म्हणायची, ते मी बंद केलं. ते मी परत सुरू करणार आहे."

सेंगाच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे? सगळ्या कुळासमोर सालीचं वस्त्र बांधून घेतलंस. नान्तुमेची सुरी घेतलीस. आता धाकटी कशी होतेस? मेलेल्या माणसाची जागा रिकामी ठेवायची असते का?"

"काम रिकामं ठेवणार नाही. सुरी माझ्याच हातात राहील. ती आजारी पडली तर मी जागीन, तिचं लग्न ठरेल तेव्हा आईने जिथे बसायचं तिथे मी बसेन. वस्त्र बांधलंय ते सोडत नाही." नानझिरी थांबली नाही. "पण आई हे नाव तिने नान्तुमेसाठी ठेवलंय. ठेवू दे. माझ्यासाठी तिने ते पुसावं, असं मी म्हणायला नको होतं. मला माझं जुनं नाव पुरे आहे. धाकटी तर धाकटी. हाक तरी येईल."

"वडीलधाऱ्यांना काय सांगशील?"

"ते आले तर सांगेन. रोज टॉवेल मागायला ते येत नाहीत."

सेंगाला हे उत्तर आवडलं नाही. ती काहीतरी कडक बोलणार होती, पण मागच्या दाराकडे बघून थांबली. दारात किसाक्ये उभी होती, अनवाणी, नवे बूट हातात धरून. केव्हापासून उभी होती कोण जाणे. नेहमीसारखी, लक्ष जाण्याची वाट बघत. नानझिरीची तिच्याकडे पाठ होती.

पोर उभीच राहिली. मग तिने ओठ ओले केले.

"धाकटी आई."

नानझिरी वळली नाही, कारण तिला वळता येईना.

"धाकटी आई, हे बूट मोठे आहेत."

किसाक्येने एका बुटात हात घालून चुरगळलेल्या कागदाचा बोळा काढला, मग दुसऱ्यातून दुसरा. "कागद घातला तरी निघतात. काल प्रार्थनेच्या वेळी एक मागेच राहिला." तिने दम घेतला. "आणि चालताना वाजतात. मुली हसतात. आणि मला रोज रताळं नको डब्यात. आणि तू दिवा घालवतेस तेव्हा माझं वाचून झालेलं नसतं. आणि माझी वही संपली, कधीची संपली, मी मागच्या पानांवर लिहिते."

बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला, शेवटी तर ती चक्क चिडली होती. वर्षभरात या घरात कोणी तिला चिडलेली पाहिली नव्हती. नानझिरी खाली फरशीवर बसली, तिचा पाय ओढून मांडीवर घेतला आणि बूट त्याच्या तळव्याला लावून बघायला लागली. बूट खरोखरच फार मोठा होता. डोळ्यांतलं पाणी पुसायला तिचे दोन्ही हात मोकळे नव्हते.

सेंगाने पिशवीकडे बघितलं, मग त्या दोघींकडे. पायाने तिने पिशवी हळूच खुर्चीखाली सरकवली.

"हिला तोंड आहे की," ती म्हणाली. "आणि मातोके करपतंय तिकडे. मीच बघते."

ती मागच्या अंगणात गेली. किसाक्येचं अजून संपलं नव्हतं. तिने वाकून नानझिरीच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं.

"धाकटी आई, ऐकतेस ना तू?"

"ऐकतेय. पुढे सांग."